गीया: चाळीस लाख पौंडांचं बेट आणि ओल्या भिंती

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आर्गाइल अँड ब्यूट हा भाग नकाशावर पाहिला, तर जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे पटकन कळतच नाही. लांबच लांब खाड्या आत शिरलेल्या, त्यांच्यामध्ये चिंचोळी द्वीपकल्पं आणि त्यापलीकडे माणसं राहतात अशी विसाहून जास्त बेटं. ओबान, डनून, कँपबेलटाउन, रॉथसे, हेलन्सबरा ही इथली मोठी गावं. मोठी म्हणायची इतकंच, कारण सगळ्या भागाची लोकसंख्या मिळून नव्वद हजारांच्या आत आहे. मुलं शिकायला ग्लासगोला जातात आणि बरीचशी तिकडचीच होतात. बेटांवर हे जास्त जाणवतं. तिथे एक कुटुंब गेलं की शाळेचा पट निम्मा होतो, आणि शाळा बंद पडली की पुढचं कुटुंब येतच नाही.

या भागातल्या गीया नावाच्या एका छोट्या बेटाचं हे प्रकरण. २००२ साली तिथल्या रहिवाशांनी आपलं अख्खं बेट विकत घेतलं. ग्रामीण विकासाच्या चर्चांमध्ये गीयाचं नाव बहुधा पवनचक्क्यांसाठी घेतलं जातं. माझ्या मते प्रकरणाचा गाभा पवनचक्क्यांत नाही, घरांत आहे. जमीन हाती आल्यावर खरी परीक्षा भिंती, छपरं आणि भाडं यांच्या हिशोबात झाली. म्हणून हे सगळं जरा सविस्तर मांडतो.

बेट आणि त्याचे मालक

किंटायर द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर टेइनलोन नावाचा धक्का आहे. तिथून फेरीबोटीने वीस मिनिटांत गीया येतं. बेटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर, रुंदी जेमतेम अडीच. सगळ्यात उंच टेकडी १०० मीटरची. मधोमध आर्डमिनिश हे एकुलतं एक गाव. शाळा, दुकान, पोस्ट, हॉटेल आणि चर्च सगळं तिथेच. बाकी वस्ती शेतांवर विखुरलेली. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे हवा सौम्य, गवत भरपूर, म्हणून दुभती जनावरं हाच इथला जुना व्यवसाय. बेटावरचं दूध टँकरने फेरीबोटीवर चढायचं आणि कँपबेलटाउनच्या डेअरीत जायचं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे सहाशेच्या आसपास माणसं राहत होती. त्या काळात बेट मॅकनील घराण्याकडे होतं. १८६५ साली त्यांनी ते स्कार्लेट घराण्याला विकलं, आणि त्या घराण्याने १८८४ साली आकामोर हाउस हा वाडा बांधला. तिथून पुढे गीया ही विकत घेण्याची आणि विकण्याची वस्तू झाली. तिची उलाढाल करणाऱ्यांत एक नाव आपल्या घराघरांत पोचलेलं आहे. १९४४ साली हे बेट घेतलं सर जेम्स हॉर्लिक यांनी. हॉर्लिक्सची बाटली आजारी माणसाच्या उशाशी ठेवणारी पिढी आपल्याकडे अजून आहे. त्या पेयाची कंपनी काढणाऱ्या भावांपैकी एकाचे हे चिरंजीव. त्यांना ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडाचं वेड होतं. वाड्याभोवती त्यांनी जी बाग उभी केली ती वनस्पतिशास्त्रज्ञांमध्येही नावाजली गेली. बेटावरचे जुने लोक त्यांच्याबद्दल आपुलकीने बोलत. १९७२ साली ते वारले आणि नंतरच्या तीस वर्षांत मालक बदलत गेले.

यातला १९८९ ते १९९२ हा काळ नीट पाहावा लागतो. एका मालमत्ता विकसकाने कर्ज काढून बेट घेतलं, तीन वर्षांत तो बुडाला आणि बेट तारण म्हणून एका स्विस बँकेच्या ताब्यात गेलं. ज्या घरात आपण जन्मलो, जे शेत आपले आजोबा कसत होते, ते परदेशातल्या बँकेच्या थकीत खात्यातली एक नोंद झालं, हे रहिवाशांनी डोळ्यांनी पाहिलं. भाडेकरूंचा यात काही दोष नव्हता आणि त्यांचं मत कुणी विचारलंही नाही. पुढे एका कुटुंबाने बेट घेतलं, काही वर्षं चालवलं आणि २००१ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा विक्रीला काढलं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे खोत आणि कुळं आठवतील, आणि ते आठवणं योग्यच आहे. पण एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारं कूळ कायद्याने मालक होऊ लागलं. स्कॉटलंडमध्ये १८८६ च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या छोट्या कुळांना बेदखलीपासून संरक्षण मिळालं, पण मालकी जमीनदाराकडेच राहिली. जमीनधारणेची सरंजामी पद्धत तिथे कायद्याने संपली ती थेट २८ नोव्हेंबर २००४ रोजी. आजही स्कॉटलंडमधल्या खासगी जमिनीपैकी जवळपास निम्मी जमीन पाचशेहून कमी मालकांकडे आहे असं सांगितलं जातं. गीयावर तर शेतं, घरं, हॉटेल, बाग सगळं एकाच मालकाचं होतं. घर गळत असेल तर दुरुस्ती मालकाच्या मर्जीवर. मुलाला बेटावर घर बांधायचं असेल तर जागा मालकाच्या मर्जीवर. अशा ठिकाणी तरुण का थांबत नाहीत हे शोधायला वेगळ्या पाहणीची गरज नाही.

त्या काळचं बेट किती विरळ झालं होतं याची कल्पना शेमस मॅकस्पोरन यांच्यावरून येते. हे गृहस्थ बेटावर एकट्याने चौदा कामं सांभाळत म्हणून वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. दुकानदार तेच, पोस्टमास्तर तेच, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, जन्ममृत्यूची नोंद आणि अंत्यविधीची व्यवस्थाही त्यांच्याकडेच. बातम्यांमध्ये हे कौतुकाने छापून येई. मला त्यात कौतुकाइतकीच काळजी दिसते. २००० साली ते निवृत्त झाले तेव्हा चौदा जागा एकदम रिकाम्या झाल्या.

विकत घ्यायचं की नाही

बेट विक्रीला निघालं तेव्हा रहिवाशांनी लगेच उत्साहाने उडी घेतली असं समजण्याचं कारण नाही. पहिल्या बैठकीत खरेदीच्या बाजूने मोजकेच लोक होते. बाकीच्यांची भीती रास्त होती. शंभर माणसांनी लाखो पौंडांची जबाबदारी कशी घ्यायची? हिशोब कोण ठेवणार? शेजाऱ्याचं भाडं थकलं तर ते मागायला कोण जाणार? मालक वाईट असला तरी तो बाहेरचा असतो, त्याच्याशी भांडता येतं. आपसातल्या भांडणात रोज त्याच दुकानात आणि त्याच फेरीबोटीवर समोरासमोर यावं लागतं.

मन बदललं ते दुसऱ्या बेटाकडे पाहून. उत्तरेला एग नावाचं बेट आहे. तिथल्या लोकांनी १९९७ साली १५ लाख पौंडांना आपलं बेट सोडवून घेतलं होतं. गीयाचे काही लोक तिथे जाऊन आले आणि रहिवाशांशी बोलले. आपल्यासारखीच साधी माणसं हे चालवत आहेत, हे स्वतः पाहिल्याने जे झालं ते सल्लागारांच्या अहवालांनी झालं नसतं असं मला वाटतं. नंतरच्या मतदानात मोठ्या बहुमताने खरेदीचा निर्णय झाला.

१५ मार्च २००२ रोजी व्यवहार पूर्ण झाला. किंमत ४० लाख पौंड. सार्वजनिक निधीतून गावकऱ्यांच्या जमीनखरेदीला मदत देणारा स्कॉटिश लँड फंड त्याआधी वर्षभर सुरू झाला होता. त्याने २५ लाखांचं अनुदान आणि १० लाखांचं कर्ज दिलं. उरलेले ५ लाख डोंगराळ भाग आणि बेटांसाठीच्या सरकारी विकास संस्थेकडून आले. समूहाला जमीनखरेदीचा अग्रहक्क देणारा स्कॉटलंडचा कायदा २००३ चा आहे, म्हणजे गीयाचा सौदा त्याही आधीचा.

मालकी कुणाच्या नावावर झाली? इथे आपला कूळकायदा आणि गीया यांच्या वाटा वेगळ्या होतात. कुणाही रहिवाशाच्या नावावर सातबारा चढावा तसं काही झालं नाही. सगळं बेट आयल ऑफ गीया हेरिटेज ट्रस्ट या संस्थेच्या नावावर आलं. बेटावर राहणारा प्रौढ माणूस तिचा सभासद होऊ शकतो, सभासद संचालक निवडतात आणि संचालक भाडं ठरवतात. शेतकरी आधीसारखाच भाडेकरू राहिला, पण त्याचा मालक आता तो स्वतः आणि त्याचे शेजारी मिळून. जमिनीचे तुकडे होऊन एकेक तुकडा सुट्टीच्या बंगल्यासाठी विकला जाण्याचा धोका यामुळे टळला. कोकण किनाऱ्यावर वैयक्तिक मालकीतून जे होताना दिसतं, ते पाहता ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

दहा लाखांचं कर्ज फेडायला मुदत होती दोन वर्षांची, मार्च २००४ पर्यंत. ट्रस्टने आकामोर हाउस हा वाडा विकला. बाग स्वतःकडे ठेवली, वाडा सोडला. उरलेली रक्कम बेटावरच्या कार्यक्रमांतून आणि देणग्यांतून उभी केली आणि कर्ज मुदतीत फिटलं. वाडा विकायला नको होता, तो बेटाचा मानबिंदू होता, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला तो निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. मोठा, जुना, देखभालीला महाग वाडा ठेवून शेतजमीन गहाण टाकणं म्हणजे पुन्हा मालकाच्याच मार्गाने जाणं होतं.

भिंतींची मोजणी

खरेदीच्या वेळी बेटावर ९८ माणसं होती. शाळेत बोटांवर मोजण्याइतकी मुलं. ट्रस्टकडे चाळीसेक घरं आली आणि त्यांची तपासणी झाली. त्यातली सुमारे पाऊण भाग घरं कायद्याच्या भाषेत ‘सुसह्य दर्जाखालची’ ठरली.

हा दर्जा म्हणजे काही चैनीची पातळी नव्हे. स्कॉटलंडच्या कायद्यात घर सुसह्य ठरण्यासाठीच्या अटी अगदी साध्या आहेत: इमारत पडण्यासारखी नसावी, भिंतींत आणि जमिनीतून ओल चढलेली नसावी, पुरेसा उजेड आणि हवा असावी, पिण्याजोगं पाणी असावं, गरम आणि थंड पाण्याची मोरी असावी, संडास आणि सांडपाण्याची सोय असावी. म्हणजे एकविसाव्या शतकात ब्रिटनमध्ये, ऱ्होडोडेंड्रॉनसाठी जगभर नाव असलेल्या बेटावर, चारातली तीन घरं इतकंही पुरं करू शकत नव्हती. अटलांटिकवरून येणारा वारा आणि पाऊस, जुन्या दगडी भिंती, एका काचेच्या खिडक्या, कुजलेली चौकट. अशा घरात हिवाळा काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं अर्धं उत्पन्न जळणावर जातं आणि तरीही भिंत कोरडी होत नाही.

हे वर्षानुवर्षं साचलेलं देणं होतं. आधीच्या मालकांनी घरांवर जो खर्च टाळला, तो बेटाच्या विक्रीच्या किमतीतून कुणी वजा केला नाही. रहिवाशांनी बेटाची पूर्ण बाजारभावाने किंमत मोजली आणि पडकी घरं वरून घेतली. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. ज्यांचं घर मालकाने दुरुस्त केलं नाही, त्यांनाच सार्वजनिक पैशाने मालकाला किंमत द्यावी लागली, आणि दुरुस्तीचं ओझंही त्यांच्याच संस्थेवर आलं.

ट्रस्टने घरांचं काम हाती घेतलं. छपरं, खिडक्या, भिंतींना आतून उबेचं अस्तर, नवी हीटिंग. शिवाय फाइन होम्स या गृहनिर्माण संस्थेने आर्डमिनिशमध्ये अठरा नवी घरं भाड्याने देण्यासाठी बांधली. याचा परिणाम लगेच दिसला. लहान मुलं असलेली कुटुंबं आली, बाहेर गेलेले काही जण परतले, शाळेचा पट वाढला. २००१ च्या जनगणनेत बेटावर ११० माणसं होती. २०११ साली १६३ झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ घटत आलेल्या जागी दहा वर्षांत हे झालं. आणि त्याचं सरळ कारण असं की राहायला घर मिळू लागलं.

नाचणाऱ्या बाया

दुरुस्तीला पैसा लागणार हे ट्रस्टला सुरुवातीपासून माहीत होतं. म्हणूनच पवनचक्क्यांचा विचार झाला. बेटाच्या दक्षिण टोकाला, जिथे वारा अडायला काहीच नाही, तिथे तीन पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या नव्या नव्हत्या; इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या एका पवनऊर्जा प्रकल्पावर काम करून निवृत्त झालेल्या, प्रत्येकी २२५ किलोवॉटच्या. तिन्ही मिळून ६७५ किलोवॉट, खर्च सुमारे ४ लाख ४० हजार पौंड. २००४ संपता संपता त्या फिरू लागल्या. गावकऱ्यांच्या मालकीच्या, वीजजाळ्याला जोडलेल्या स्कॉटलंडमधल्या या पहिल्या पवनचक्क्या. गेलिक भाषेत त्यांची नावं श्रद्धा, आशा आणि दया अशा अर्थाची ठेवली. बोलताना सगळे त्यांना ‘नाचणाऱ्या बाया’ म्हणतात.

वापरलेली यंत्रं घेण्याचा निर्णय मला खूप आवडतो. नवी मोठी यंत्रं घ्यायची तर बाहेरचा भागीदार आला असता आणि नफ्याचा मोठा वाटा बेटाबाहेर गेला असता. इथे वीज विकून आलेला पैसा ट्रस्टच्याच उपकंपनीत येई. त्यातून कर्जाचे हप्ते, देखभाल आणि पुढे यंत्रं बदलण्यासाठीची शिल्लक बाजूला काढून जे उरेल ते घरांकडे वळवायचं अशी योजना होती.

पण योजनेतला आकडाच तोकडा होता. उरणारी रक्कम वर्षाला पाऊण लाख पौंडांच्या आसपास असेल असा त्या वेळचा अंदाज होता. बेटावर दगडी घर आतून बाहेरून दुरुस्त करायचं म्हणजे प्रत्येक खिळा, प्रत्येक फळी आणि प्रत्येक गवंडी फेरीबोटीने यायचा. एका घराला कित्येक हजार पौंड खर्च येतो. म्हणजे पवनचक्क्यांच्या वर्षभराच्या शिलकीतून दोनएक घरं झाली तरी पुष्कळ. सगळी घरं व्हायला दोन दशकं लागली असती आणि तोवर पहिल्या पवनचक्क्या म्हाताऱ्या झाल्या असत्या. लोकांना तर उबदार घर आत्ता हवं होतं. म्हणून ट्रस्टने कर्ज काढून कामाचा वेग वाढवला.

कर्ज

२०१० च्या सुमारास ट्रस्टवरचं कर्ज २७ लाख पौंडांच्या घरात गेल्याचं बाहेर आलं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, बेटावर वाद झाले, कारभाराची तपासणी झाली, दुरुस्तीचं काम मंदावलं. ज्यांची घरं आधी झाली आणि ज्यांची राहिली त्यांच्यात कटुता येणं स्वाभाविक होतं.

या टप्प्यावर अनेकांनी गीयाला अपयशी ठरवलं. मी ते मानत नाही, पण ट्रस्टच्या चुकांवर पांघरूणही घालणार नाही. कर्ज काढताना भाड्याचं उत्पन्न हप्त्याला पुरेल का, याचा कडक हिशोब व्हायला हवा होता. भाडं कमी ठेवणं हा ट्रस्टचा हेतूच होता. कमी भाडं आणि मोठं कर्ज एका कागदावर बसत नाही. शिवाय शंभर-दीडशे माणसांतून संचालक निवडायचे, त्यांनी शेतं सांभाळून संध्याकाळी बसून लाखो पौंडांच्या बांधकामाचे करार वाचायचे, ही अपेक्षाच अवाजवी होती.

तरी मूळ प्रश्न कारभाराच्या आधीचा आहे. घरांची दुरुस्ती हे सामाजिक काम आहे. मुख्य भूमीवरच्या शहरात तेच काम नगरपालिका किंवा गृहनिर्माण संस्था सरकारी पैशाने करते, आणि कुणी त्याला तोट्याचा धंदा म्हणत नाही. गीयावर मात्र रहिवासी स्वतः मालक झाले म्हणून ते त्यांच्या ताळेबंदावर चढलं. २७ लाखांचं कर्ज आणि दीडपटीने वाढलेली लोकसंख्या हे दोन आकडे एकाच खर्चाच्या दोन बाजू आहेत. पहिलाच मथळ्यात येतो.

उत्पन्न वाढवायचा प्रयत्न ट्रस्टने सोडला नाही. २०१३ साली चौथी पवनचक्की आली, ही नवी आणि ३३० किलोवॉटची. पण किंटायरच्या बाजूचं वीजजाळं इतकी वीज घ्यायला पुरेसं सक्षम नव्हतं, त्यामुळे तिला पूर्ण ताकदीने चालवता येईना. वारा आहे, यंत्र आहे, विकत घेणाराही आहे. मधली तार बारीक. बेटाच्या हातात नसलेली गोष्ट बेटाच्या उत्पन्नावर अशी बसते, हे ट्रस्टच्या कारभारावर टीका करणाऱ्यांनी लक्षात घेतलं पाहिजे. फेरीबोटीचं तसंच. तिचं वेळापत्रक ट्रस्ट ठरवत नाही, पण संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता यावर मुख्य भूमीवर नोकरी करून बेटावर राहता येतं की नाही ते ठरतं.

उल्वावर

गीयानंतर सोळा वर्षांनी याच आर्गाइल अँड ब्यूटमध्ये उल्वा या बेटाची खरेदी झाली. उल्वा हे मल नावाच्या बेटाला अगदी खेटून आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झालेला लॅकलन मॅक्वारी तिथला. त्याआधी तो मुंबईत फौजेत होता आणि १७९३ साली त्याचं पहिलं लग्न मुंबईतच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात उल्वावर सहाशेच्या आसपास माणसं होती. १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक बुडालं, जमीनदाराने माणसं उठवून मेंढ्या आणल्या आणि बेट रिकामं होत गेलं. २०१८ साली वायव्य मलच्या रहिवाशांच्या संस्थेने ते घेतलं तेव्हा तिथे अर्धा डझन माणसंही मोठ्या मुश्किलीने भरत होती.

स्कॉटिश लँड फंडाने त्या खरेदीसाठी सुमारे ४४ लाख पौंड दिले. उल्वाच्या लोकांनी पवनचक्कीपासून सुरुवात केली नाही. उभी असलेली, पण राहण्याजोगी नसलेली घरं आधी नीट करून भाड्याने द्यायची, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी खासगी कर्जावर विसंबून न राहता ग्रामीण आणि बेटांवरच्या घरांसाठी असलेल्या सरकारी निधीकडे ते गेले. २००२ साली गीयासमोर अशा प्रमाणात हा मार्ग नव्हता. तो पुढे उपलब्ध होण्यात गीयाच्या ओल्या भिंतींचा आणि त्या कोरड्या करताना झालेल्या कर्जाचा वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं, कारण जमीन मिळाली तरी घरांशिवाय माणसं थांबत नाहीत, हे तिथे पहिल्यांदा पैशांत मोजलं गेलं.